मुळांपाशी चालणारी खाणावळ : जमिनीतले जिवाणू रोपाला नेमके काय देतात?

पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईतल्या कोणत्याही रोपवाटिकेत गेले, तर शेणखताच्या आणि गांडूळखताच्या पिशव्यांशेजारी आता बाटल्यांची आणि पाकिटांची एक नवी फळी भरलेली दिसते. त्यांत जमिनीतले उपयोगी जिवाणू असतात, वर 'पीएसबी', 'अॅझोटोबॅक्टर', 'स्युडोमोनास', 'कन्सोर्शिया' (म्हणजे अनेक जिवाणूंचे मिश्रण) अशी नावे असतात आणि विकणाऱ्याला विचारले, तर 'मॅडम, झाडांचे टॉनिक आहे, महिन्यातून एकदा द्या' एवढेच उत्तर मिळते. शहराबाहेर हाच विषय बराच तापलेला आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये 'जैव-उत्तेजके', म्हणजे रोपाच्या वाढीला चालना देणारी द्रव्ये आणि सूक्ष्मजीव, हा नवा वर्ग खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आणला, पण त्यानंतरही युरियाच्या गोणीबरोबर अशी उत्पादने गळ्यात मारली जातात, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाषेत 'लिंकिंग' केले जाते, अशा तक्रारींच्या बातम्या येतच राहिल्या. एका बाजूला 'रासायनिक खत विसरा' असा प्रचार आणि दुसऱ्या बाजूला 'हे सगळे रंगीत पाणी आहे' असा संताप, यांच्या मधोमध सामान्य वाचक उभा आहे.

माझ्या मते या गोंधळाचे मूळ 'टॉनिक' या शब्दातच आहे. टॉनिक घेतले की ते अंगी लागते, घेणाऱ्याने बाकी काही करायचे नसते. जमिनीतला जिवाणू मात्र स्वतःचे पोट भरायला आलेला असतो; रोप त्याला खाऊ घालते, त्या बदल्यात रोपाला काही मिळते आणि हा व्यवहार दोघांनाही परवडत असेल तोवरच टिकतो. ही एक गोष्ट धरून ठेवली, तर प्रयोगशाळेत दिसणारे चमत्कार आणि शेतात येणारी निराशा या दोन्हींचा उलगडा होतो.

मातीत राहते कोण?

सुपीक मातीच्या एका ग्रॅममध्ये, म्हणजे चिमूटभर मातीत, शंभर कोटींपर्यंत जिवाणू आणि त्यांचे हजारो प्रकार असू शकतात. पहिल्या पावसानंतर आरे कॉलनीच्या रस्त्यावर येणारा जो मृद्गंध आपण नाक भरून घेतो, त्यातला मोठा वाटा 'स्ट्रेप्टोमायसिस' जातीच्या जिवाणूंनी तयार केलेल्या जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो. म्हणजे या मंडळींची ओळख आपल्या नाकाला फार पूर्वीपासून आहे.

हे जिवाणू मातीत सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. मुळाच्या त्वचेला चिकटून असलेल्या काही मिलिमीटर जाडीच्या मातीत त्यांची दाटी आजूबाजूच्या मातीपेक्षा कित्येक पटींनी जास्त असते. या पट्ट्याला जर्मन शास्त्रज्ञ लोरेन्ट्स हिल्टनर यांनी १९०४ मध्ये 'रायझोस्फिअर' असे नाव दिले; आपण त्याला मूळपरिसर म्हणू. तिथे गर्दी होण्याचे कारण साधे आहे, ते म्हणजे अन्न. पानांनी उन्हात तयार केलेल्या साखरेतला एक लक्षणीय हिस्सा रोप मुळांवाटे बाहेर सोडते. साखर, आम्ले, अमिनो आम्ले, सुटून पडलेल्या पेशी आणि चिकट स्राव असा हा ऐवज असतो आणि पीक, वय व जमीन यांनुसार त्याचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपासपासून काही वेळा चाळीस टक्क्यांपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. इतक्या कष्टाने मिळवलेली साखर कोणतेही रोप उगाच मातीत ओतणार नाही.

गिरणगावात एकेकाळी घरोघरी खाणावळी चालत. कोणाकडे कोल्हापूरकडचे कामगार जेवायला, कोणाकडे कोकणातले. ज्या चवीचे जेवण, त्या गावची पंगत. मूळ अशीच एक खाणावळ चालवते. तूर जे स्राव सोडते ते भात सोडत नाही, कोवळे रोप जे सोडते ते फुलोऱ्यातले सोडत नाही, आणि त्यानुसार पंगतीला बसणारे बदलतात. यांतले बरेच जण नुसते जेवून जातात, काही रोग घेऊन येतात आणि काही रोपाच्या उपयोगी पडतात. या तिसऱ्या गटाला 'वाढवर्धक मूळजिवाणू' म्हणतात. जोसेफ क्लोपर आणि मिल्टन श्रॉथ यांनी १९७८ मध्ये ही संज्ञा रूढ केली, तीही मुळ्यावरच्या प्रयोगांतून, आपण कोशिंबिरीसाठी किसतो त्या मुळ्यावरच्या.

चेंबूरचा कारखाना आणि मेथीची जुडी

उपयोग कोणते, याची सुरुवात नायट्रोजनपासून, म्हणजे शेतकऱ्यांच्या शब्दात नत्रापासून करावी लागते. हवेचा ७८ टक्के भाग नायट्रोजनच आहे, तरीही रोप नत्राविना पिवळे पडते, कारण हवेतल्या नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने इतके घट्ट धरून असतात, की रोपाला ते सोडवता येत नाहीत. आमच्या गच्चीवरून चेंबूरच्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स कारखान्याची धुरांडी दिसतात. युरिया बनवण्यासाठी आधी अमोनिया लागतो आणि तो बनवताना हा बंध तोडण्यासाठी सुमारे ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान, हवेच्या दाबाच्या शंभराहून अधिक पट दाब आणि नैसर्गिक वायू लागतो.

हेच काम मेथीचे मूळ कुंडीतल्या साध्या तापमानाला करून घेते. पुढच्या वेळी बाजारातून मुळांसकट मेथीची जुडी आणली, तर निवडताना मुळे लगेच कचऱ्यात टाकू नयेत. ती पाण्याखाली हळुवार धुतली, की बारीक तंतूंवर मोहरीपेक्षाही लहान, थोड्या लांबट गाठी काही वेळा सापडतात. त्या गाठींत रायझोबियम कुळातले जिवाणू राहतात. मार्टिनस बायरिंक या डच शास्त्रज्ञाने १८८८ मध्ये अशा गाठींमधून ते प्रथम वेगळे करून वाढवले. किनाऱ्यावरच्या वाळूत पिकवली जाणारी ती इवलीशी समुद्रमेथी मात्र या पाहणीसाठी कुचकामी, कारण ती इतकी कोवळी उपटतात की गाठी धरायला वेळच मिळत नाही.

गाठ नखाने दाबून फोडली, तर आत फिकट गुलाबी रंग दिसतो. हा रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातल्या एका प्रथिनामुळे येतो. नायट्रोजनचा बंध तोडणारे जिवाणूंचे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, ऑक्सिजन लागला की निकामी होते. पण जिवाणूला श्वसनासाठी ऑक्सिजन तर हवाच. म्हणून रोप हे गुलाबी प्रथिन तयार करून ऑक्सिजन मोजून मापून पोहोचवते. नायट्रोजनचा एक रेणू फोडायला ऊर्जेची किमान १६ नाणी, म्हणजे एटीपी नावाचे १६ रेणू, खर्ची पडतात आणि त्यांसाठी लागणारी साखर रोप पुरवते. हवेतले नत्र फुकट मिळते असे आपण सहज म्हणतो, पण त्याचे बिल रोप भरत असते.

पाहुणाही कोणीही चालत नाही. सोयाबीनचा जिवाणू हरभऱ्यावर गाठी करत नाही, हरभऱ्याचा मेथीवर करत नाही. मेथीला चालतो तो लसूणघास या चाऱ्याच्या पिकाचा. म्हणून पाकिटावर नुसते 'रायझोबियम' एवढेच छापलेले असेल आणि कोणत्या पिकासाठी ते लिहिलेले नसेल, तर ते घेऊ नये.

स्फुरद आणि लोह : असूनही न मिळणाऱ्या गोष्टी

स्फुरदाची, म्हणजे फॉस्फरसची, अडचण वेगळी आहे. तो जमिनीत असतो, पण अडकलेला असतो. देशावरच्या काळ्या जमिनीत तो चुन्याशी, तर कोकणातल्या तांबड्या जांभ्याच्या जमिनीत लोह आणि अॅल्युमिनियम यांच्याशी बांधला जातो. पीएसबी, म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू, ग्लुकोनिक आम्लासारखी सौम्य आम्ले सोडून हे बंधन सैल करतात. चिंचेच्या कोळाने पितळेचे भांडे घासताना डाग जसा सुटतो, तसाच हा प्रकार. चुन्याशी बांधलेल्या स्फुरदावर ही युक्ती चांगली चालते, लोहाशी बांधलेल्यावर तितकी नाही. त्यामुळे विदर्भातल्या शेतकऱ्याचा अनुभव रत्नागिरीच्या बागायतदाराला जसाच्या तसा येईलच असे नाही. शिवाय जमिनीत मुळात स्फुरदच कमी असेल, तर विरघळवणारा तरी काय विरघळवणार?

लोहाच्या बाबतीत काही जिवाणू 'सिडेरोफोर' नावाचे रेणू बाहेर सोडतात; ते मातीतले लोह खेकड्याच्या नांगीसारखे पकडून आणतात. स्युडोमोनास फ्लुओरेसेन्स या जिवाणूचा असा रेणू पिवळसर हिरवा असतो आणि अतिनील दिव्याखाली चमकतो, त्यावरूनच त्याला हे नाव पडले. यात शेजारच्या रोगकारक बुरशीच्या तोंडचे लोह पळवले जाते, हा रोपाचा आडून होणारा फायदा.

नत्राचे श्रेय आणि संप्रेरकाचे काम

अॅझोस्पिरिलम हा जिवाणू ज्वारी, भात, ऊस अशा गवतवर्गीय पिकांच्या मुळांवर राहतो. ब्राझीलमध्ये काम केलेल्या योहाना डोबराइनर यांनी त्याच्यावरचे संशोधन १९७० च्या दशकात जगापुढे आणले, तेव्हा गव्हा-भातालाही डाळींसारखे हवेतले नत्र मिळेल अशी मोठी आशा निर्माण झाली. पुढे मोजमाप झाले तेव्हा लक्षात आले, की रोपे जोमदार होतात हे खरे, पण त्याचे बरेचसे श्रेय नत्राला देता येत नाही. हा जिवाणू इंडोल अॅसिटिक आम्ल तयार करतो, जे रोपाचे स्वतःचेच एक वाढ-संप्रेरक आहे. कलमे लावताना फांदीचे टोक ज्या पावडरीत बुडवतात, तिच्यातले द्रव्यही याच कुळातले असते. जिवाणूने थोडेसे संप्रेरक सोडले, की मुळांना जास्त फाटे फुटतात, केशमुळे दाट होतात आणि तीच माती जास्त धुंडाळली जाते. मात्रा जास्त झाली तर मात्र मूळ खुंटते. त्यामुळे 'दुप्पट घाला, दुप्पट फायदा' हा हिशेब इथे लागू होत नाही.

दुष्काळ, खारे पाणी आणि आंब्याची अढी

आता ताणाकडे वळू. पाणी कमी पडणे, पाणी साचून राहणे, क्षार, उष्णता, जखम अशा कोणत्याही त्रासात रोप एक वायू तयार करते, इथिलीन. या वायूची आपल्याशी घरगुती ओळख आहे. गवतात आंब्याची अढी लावली, की एक आंबा पिकू लागल्यावर बाकीचे भराभर पिकतात, कारण पिकणारा आंबा इथिलीन सोडतो आणि गवत तो कोंडून ठेवते. वाशीच्या बाजारात येणारी केळी ज्या खोल्यांमध्ये पिकवतात, तिथेही हाच वायू सोडलेला असतो.

फळाला पिकवणारा हा संदेश मुळाला मात्र थांबवतो. थोडे इथिलीन रोपाला सावध करते, पण ताण लांबला आणि त्याचे प्रमाण वाढत गेले, की मुळांची वाढ थांबते, पाने पिवळी पडून गळतात आणि रोप अकाली म्हातारे होते. गंमत अशी, की कित्येकदा पाण्याच्या तुटवड्याने जितके नुकसान होते, त्यात रोपाच्या या घाबरण्याने आणखी भर पडते.

इथिलीन तयार होण्याच्या आधीची पायरी म्हणजे एसीसी नावाचे एक अमिनो आम्ल. ते मुळांतून थोडे बाहेर पाझरते आणि काही जिवाणूंकडे ते तोडणारे 'एसीसी डीअमिनेज' हे विकर असते. जिवाणू ते तोडतो कारण त्यातले नत्र त्याला खायला मिळते. रोपावर उपकार करावेत असा काही त्याचा विचार नसतो. पण बाहेरचे एसीसी संपत गेले, की मुळातले एसीसी आणखी बाहेर येते, आत इथिलीन कमी बनते आणि मूळ वाढत राहते. कॅनडातील बर्नार्ड ग्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ही मांडणी केली. अढीतले गवत बाजूला सारून वारा खेळू दिला तर आंबा जसा सावकाश पिकेल, तसे काहीसे हे आहे, फरक इतकाच की जिवाणू तयार झालेला वायू हाकलत नाही, तो बनण्याआधीचा कच्चा मालच खाऊन टाकतो.

दुसरी मदत अधिक ढोबळ आणि डोळ्यांना दिसणारी आहे. अनेक जिवाणू स्वतःभोवती बहुशर्करांचा चिकट गर तयार करतात. सब्जाचे बी पाण्यात टाकल्यावर त्याच्याभोवती जसा बुळबुळीत थर धरतो, तसा हा गर असतो. त्यात पाणी धरून राहते, मातीचे कण मुळाला चिकटून राहतात आणि जमीन सुकत असताना मूळ व माती यांच्यात फट पडत नाही. कोरडवाहू शेतातले धाट उपटल्यावर मुळांना मातीचा पायमोजा चढल्यासारखा दिसतो. तो बनवण्यात केशमुळांबरोबर या गराचाही हात असतो.

क्षारांचे प्रकरण मुंबईच्या उंबरठ्यावरचे आहे. रायगड आणि ठाणे जिल्ह्यांत खाडीलगत बांध घालून मिळवलेल्या खार जमिनी आहेत; बांध फुटला किंवा भरतीचे पाणी आत शिरले, की भाताच्या खाचरात मीठ येते. पनवेलला कोकण कृषी विद्यापीठाचे खार जमीन संशोधन केंद्र याच प्रश्नासाठी आहे आणि तिथे क्षार सोसणारे भाताचे वाण तयार झाले आहेत. जिवाणूंची मदत त्यापुढची. वर सांगितलेला चिकट गर सोडियमचा काही भाग धरून ठेवतो, इथिलीन कमी राहते आणि काही जिवाणूंच्या सान्निध्यात रोप स्वतःच्या पेशींत प्रोलीनसारखी पाणी धरणारी द्रव्ये अधिक साठवते. यात जमिनीतले मीठ कमी होत नाही. ते बांध दुरुस्त करून आणि पावसाच्या गोड्या पाण्याने धुऊनच काढावे लागते. जिवाणूच्या भरवशावर बांध फुटका ठेवणे हा शुद्ध वेडेपणा ठरेल.

परळची लस आणि रोपाची तालीम

१८९७ च्या जानेवारीत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस मुंबईतच स्वतःला टोचून घेतली. त्यांच्या नावाची संस्था आज परळला आहे. लस म्हणजे खरा शत्रू येण्याआधी शरीराची तालीम, हे आपण त्यामुळे सहज समजू शकतो. १९९१ मध्ये नेदरलँड्समध्ये कार्नेशनवर आणि अमेरिकेत काकडीवर झालेल्या प्रयोगांत असेच काहीसे दिसले. निरुपद्रवी जिवाणू फक्त मुळांना लावले होते, रोगजंतू खोडात किंवा पानांवर सोडले होते, दोघांची गाठभेट झालीच नव्हती, तरीही रोग कमी आला. म्हणजे मुळाने वर निरोप पाठवला होता आणि पाने दक्ष झाली होती.

इथे उपमेची मर्यादाही सांगायला हवी. रोपाला प्रतिपिंडे नसतात, एखाद्या विशिष्ट जंतूची आठवण आपल्या रक्तासारखी ते ठेवत नाही. त्याची दक्षता सर्वसाधारण असते आणि हल्ला झाल्यावर प्रतिकार लवकर व जोरात सुरू होतो, एवढाच तिचा अर्थ आहे. रोग अजिबात येणार नाही, असे आश्वासन कोणी देत असेल, तर ते विज्ञानाच्या पुढचे आहे.

इतके सगळे खरे असेल, तर शेतात फरक का दिसत नाही?

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि त्याचे उत्तर एका साध्या गणितात आहे. खत नियंत्रण आदेशात जैविक खतांचा समावेश २००६ मध्ये झाला. त्यातल्या मानकानुसार भुकटीच्या स्वरूपातल्या जिवाणू खतात प्रत्येक ग्रॅममागे किमान पाच कोटी, तर द्रवरूप खतात प्रत्येक मिलिलिटरमागे किमान दहा कोटी जिवंत जिवाणू हवेत. म्हणजे २५० ग्रॅमच्या पाकिटात १,२५० कोटी जिवाणू झाले. आकडा मोठा वाटतो. पण एका एकरातल्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन भरते सुमारे ९०० टन, आणि त्यातल्या प्रत्येक ग्रॅममध्ये शंभर कोटी मूळ रहिवासी धरले, तर पाकिटातल्या एका पाहुण्यासमोर सात कोटींहून अधिक स्थानिक उभे राहतात. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे सव्वा कोटी होती. एकटा माणूस जवळजवळ सहा मुंबयांत उतरला, तर त्याला जागा मिळण्याची शक्यता किती असेल?

म्हणूनच हे पाकीट शेतभर फेकण्याऐवजी बियाण्याला चोळायला सांगतात. साधारण १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम भुकटी गुळाच्या पाण्यात कालवून लावायची, बियाणे सावलीत सुकवायचे आणि वापसा, म्हणजे जमिनीत बेताची ओल, असताना लगेच पेरायचे. अशा बीजप्रक्रियेत पाहुणा थेट खाणावळीच्या दारात उभा राहतो आणि पहिले मूळ फुटताच पहिल्या पंगतीला बसतो. बुरशीनाशक लावायचे असेल, तर ते आधी लावून सुकू द्यायचे आणि जिवाणू शेवटी. हा क्रम उलटा झाला, तर पैसे मातीत गेलेच समजावे.

दुसरे कारण म्हणजे गरज. ज्या शेतात वर्षानुवर्षे तूर-मूग होत आले आहेत, तिथे त्यांचे जिवाणू आधीच वस्तीला असतात आणि नवे घालून फारसा फरक पडत नाही. सोयाबीनसारखे बाहेरून आलेले पीक एखाद्या रानात प्रथमच घेतले जाते, तेव्हा मात्र फरक ठळक दिसतो. ब्राझीलमधली सोयाबीनची अवाढव्य शेती नत्रासाठी प्रामुख्याने याच जिवाणूंवर उभी आहे. प्रयोगशाळेत माती निर्जंतुक केलेली असते, स्पर्धक नसतात, पाणी-तापमान ठरलेले असते. तिथला जोम मराठवाड्यातल्या मे महिन्याच्या जमिनीत जसाच्या तसा उतरेल ही अपेक्षाच चुकीची आहे.

मग रासायनिक खत बंद करावे का?

नाही, आणि घाईने तर मुळीच नाही. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर अचानक बंदी घातली, भाताचे उत्पादन कोसळले आणि काही महिन्यांतच बंदी मागे घ्यावी लागली. जिवाणू काही नत्र देतात, अडकलेला काही स्फुरद सोडवतात, पण भरघोस पीक जमिनीतून जे उचलून नेते ते सगळे भरून काढणे बहुतेक पिकांत त्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे. डाळवर्गीय पिकांची गोष्ट याला बऱ्याच अंशी अपवाद.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. जमिनीत नत्राची रेलचेल असली, की डाळवर्गीय रोप गाठी धरणे कमी करते किंवा थांबवते. युरिया आयता मिळत असताना १६ नाण्यांचा खर्च कोण करील? त्यामुळे भरपूर युरिया आणि वर रायझोबियम असे दोन्ही देणारा शेतकरी रायझोबियमचे पैसे वाया घालवत असतो.

जीवामृताचे काय?

शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती दोनशे लिटर पाण्यात आंबवून केलेले जीवामृत आपल्याकडे सुभाष पाळेकर यांच्यामुळे घराघरांत पोहोचले. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. गूळ आणि बेसनावर जिवाणू झपाट्याने वाढतात हे उघड आहे. पण कोणते वाढतात, हे त्या दिवसाचे शेण, माती आणि ऊन ठरवते. त्यात उपयोगी जिवाणू असतील, नसतील, एका पिंपात असतील आणि पुढच्यात नसतील. पाकिटातला जिवाणू निदान नाव-गाव सांगून येतो. जीवामृताचा जो लाभ शेतकरी सांगतात, त्यात त्याबरोबर केलेल्या आच्छादनाचा आणि जमिनीत गेलेल्या काडीकचऱ्याचा वाटा किती, हे वेगळे काढल्याशिवाय श्रेय द्यायची घाई करू नये, असे मला वाटते.

जिवाणू आहेत, माणसाला बाधणार नाहीत?

खतांत येणारे रायझोबियम, अॅझोटोबॅक्टर, अॅझोस्पिरिलम हे माणसाला रोग करणारे म्हणून ओळखले जात नाहीत. धोका नसतोच असे मात्र नाही. बुर्खोल्डेरिया सेपेशिया या गटातले काही जिवाणू पिकाला उत्तम साथ देतात, पण फुप्फुसाचा गंभीर आजार असलेल्या रुग्णांना घातक ठरतात, म्हणून त्यांच्या वापराबाबत फार सावध राहिले जाते. नाव नसलेली, 'खास गुपित मिश्रण' असलेली बाटली नाकारायला एवढे कारण पुरे आहे. खत हाताळल्यावर साबणाने हात धुणे हे शेणखताइतकेच इथेही लागू.

गॅलरीतला प्रयोग

दोन वर्षांपूर्वी एका रोपवाटिकेतून मी अशी एक बाटली आणली आणि मे महिनाभर पश्चिमेच्या गॅलरीत, कुंडीच्या आडोशाला ठेवली. जूनमध्ये मेथी पेरली. एका कुंडीत बाटलीतला द्रव घातला, दुसरीत तोच द्रव उकळून, गार करून घातला, म्हणजे द्रवातल्या गूळ-मिठाचा परिणाम दोन्हीकडे सारखा राहील. तीन आठवड्यांनी दोन्ही कुंड्यांतली मेथी अगदी सारखी होती आणि मुळांवर एकही गाठ नव्हती. बाटलीवर पिकाचे नाव नव्हते, उत्पादनाची तारीख पुसट होती आणि उन्हात तापून आत काही जिवंत उरले असण्याची शक्यता कमीच. यांतल्या दोन चुका माझ्या होत्या.

पुन्हा केला तेव्हा लसूणघासासाठीचे ताजे पाकीट एका कृषी महाविद्यालयातून मागवले आणि थंड जागी ठेवले. माध्यम म्हणून कोकोपीट घेतले, कारण त्यात मेथीचे जिवाणू सहसा नसतात आणि फरक ओळखणे सोपे जाते. बियाण्याला गुळाच्या पाण्यातून भुकटी चोळली, दुसऱ्या वाटीतल्या बियाण्याला तीच भुकटी उकळून लावली, युरिया टाळला, बाकी अन्नद्रव्ये दोन्हीकडे सारखी दिली. पाकीट न मिळाल्यास जुन्या मेथीच्या मुळांपाशी असलेली चमचाभर मातीही चालते. पाकिटे नव्हती तेव्हा शेतकरी एका रानातली माती दुसऱ्या रानात अशीच नेऊन टाकत.

चौथ्या आठवड्यात रोपे ओढून न काढता कुंडी पालथी करून, पाण्यात बुडवून मुळे मोकळी केली, कारण ओढले की गाठी तुटून मातीत राहतात. उकळलेल्या भुकटीच्या कुंडीत मुळे स्वच्छ होती आणि खालची पाने पिवळसर. दुसऱ्या कुंडीत एका रोपावर अकरा गाठी मोजल्या. पांढऱ्या गाठी म्हणजे अजून कोवळ्या किंवा कामाला न लागलेल्या, हिरवट-तपकिरी म्हणजे काम संपलेल्या. अकरापैकी आठ नखाने फोडल्यावर आतून गुलाबी निघाल्या.